चौसष्ट ओंजळी

धुळ्यात मे महिन्यात स्वेटर घालणारा माणूस
बहुधा मी एकटाच.
बाहेर रात्री दहालाही भिंती चटका देतात;
आत सर्व्हर रूममध्ये अठरा अंश,
आठ नोड, चौसष्ट कोअर,
आणि हेमलता भारंबे मॅडमचं तापीच्या पुराचं मॉडेल.
ते पूर आणतं चाळीस मिनिटांत,
आणि आलेला पूर लिहून काढायला
तीन तास घेतं.

"डिस्क म्हाताऱ्या झाल्या का हो?"
मॅडमनी विचारलं, म्हणून कोटेशन मागवलं.
प्राचार्यांनी त्यावर पेनाने नुसतं एक प्रश्नचिन्ह काढून
परत पाठवलं.
चिन्ह सुबक होतं.

मग दिव्यांकडे बघत बसलो.
डिस्क चार, चारही धडधाकट,
तिघींचे दिवे झोपलेले,
एकीचा जीव खाऊन लुकलुकणारा.
फाईल एक. प्रोसेस चौसष्ट.
प्रत्येकीच्या हातात ओंजळभर आकडे,
फार तर चार किलोबाइट,
आणि दाराला कुलूप.
एकीने उघडायचं, ओंजळ रिती करायची, लावायचं,
मग दुसरीने तेच.
तोवर त्रेसष्ट जणी उभ्या.
पडद्यावर मात्र सगळ्या शंभर टक्के कामात दिसतात.
उभं राहणं हेही कामच,
तहसील कचेरीत असतं तसं.

रविवारी साक्रीकडे गेलो, पांझरेकाठी.
आत्याचे यजमान, धुडकू देवरे,
एकोणतीस वर्षं फडाचे पाटकरी.
पाट कोरडा होता. काठीने गाळात रेघा ओढत
त्यांनी मला बंधारा दाखवला, पाट दाखवला,
पाटाच्या चाऱ्या, चाऱ्यांचे सारंग.
माझं रडगाणं ऐकून घेतलं,
फाईल म्हणजे काय ते विचारलंसुद्धा नाही.
"पानी कमी नही शे ना भाऊ, दार एकच उघडं शे.
आन जो तो बादली लिसन उना,
ते पाट काय कामना?"

फडात ज्याचं रान भिजतं
तो घरी घोरत असतो.
दारं उघडायला पाटकरीच जातो,
कंदील घेऊन, एकटा, सगळ्यांसाठी.

सोमवारी नव्या फाईलीला चार पट्ट्या पाडल्या,
दर डिस्कला एक.
दोन-दोन नोडांमागे एक पाटकरी नेमला:
सोळा जणींनी ओंजळी त्याच्या हवाली करायच्या,
त्याने त्या ओळीने लावायच्या,
मोठा साठा झाला की मगच
एका दमात सोडायचं.
चालवून पाहिलं. तीन तासांचा दीड झाला.
मी चहा प्यायलो, पण गोड लागला नाही.

मग मध्यरात्री कधीतरी ते गाळातलं आठवलं.
रेघ मारताना त्यांनी बांधाला वळसा घातला होता,
बांध तुडवला नव्हता.
माझे पाटकरी मात्र
पट्टी जिथे संपते त्याच्या थोडं अलीकडे,
थोडं पलीकडे लिहीत होते;
दोघांचे पाय एकाच बांधावर,
म्हणजे पुन्हा भांडण, पुन्हा कुलूप.
हद्दीला हद्द जुळवली. चार मेगाबाइटला चार.

अकरा मिनिटं.

भारंबे मॅडमनी घड्याळ बघितलं, मग मला बघितलं.
"एवढ्यात? सगळं लिहिलंय ना नक्की?"
आणि दुपारभर बसून त्यांनी
जुना पूर आणि नवा पूर
बाइटला बाइट लावून तपासला.
सारंगखेड्याची पातळी तीच, प्रकाशाची तीच.
शाबासकी दिली नाही. मॉडेल पुन्हा चालवलं,
जाळी चौपट बारीक करून.

आता चारही दिवे एकदम जागे होतात.
फक्त चौथी डिस्क दरवेळी
नऊ-दहा सेकंद मागे राहते,
आणि बाकीच्या तिघी तिच्यासाठी थांबतात.
का, ते अजून सापडलेलं नाही.
कोटेशन खणात आहे, प्रश्नचिन्हासकट.
मी स्वेटरची बटणं लावतो.